जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देणारं ठाण्यातलं दुकान, आणि आईने जपलेली प्रिया तेंडुलकर

ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. बाहेर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन अशा नेहमीच्या पाट्या, आणि त्यांच्या खाली एक छोटी पाटी: ‘व्हीएचएस, मिनी डीव्ही, ऑडिओ कॅसेट पेन ड्राइव्हवर करून मिळतील’. आईने रेकॉर्ड करून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेट मी तिथे दिल्या. एकूण नऊ. त्यातली एक मामेबहिणीच्या लग्नाची, बाकी सगळ्यांत ‘रजनी’वाली अभिनेत्री प्रिया तेंडुलकर.

माझं मत आधीच सांगून टाकते. काम चांगलं होतं, माणसं जाणकार आहेत, दर वाजवी आहे. पण आपल्याला काय हवं आणि काय नको हे कागदावर लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर ते लग्नाच्या कॅसेटला जे करतात तेच तुमच्या कॅसेटलाही करतात, आणि जुन्या मालिकेला ते मारक ठरतं. का ते पुढे येईलच.

दर असे आहेत. तासाभरापर्यंतच्या रेकॉर्डिंगला ३५० रुपये, तीन तासांच्या पूर्ण कॅसेटला ७००. बुरशी काढायची असेल तर कॅसेटमागे २०० जास्त. पेन ड्राइव्ह आपला न्यायचा किंवा त्यांच्याकडून घ्यायचा. अर्धे पैसे आगाऊ. पावती मागितली तर लगेच मिळाली, आणि तिच्यावर प्रत्येक कॅसेटचं लेबल जसंच्या तसं लिहून घेतलं. हे मला फार आवडलं, कारण ती लेबलं आईच्या अक्षरातली आहेत: ‘रजनी, गॅस’, ‘रजनी, टॅक्सी + शाळा’, ‘हम पाँच, पुसू नये’.

आईबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर या कॅसेट कशासाठी जपल्या ते कळणार नाही. ती मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. पंचायत १९७५ साली सुरू झाली आणि आमच्या वाडीतल्या बायकांचा संघ त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला. महिन्याचं वाणसामान एकत्र यायचं, आमच्या पडवीत वाटणी व्हायची, वजनं तपासली जायची. १९८५ साली दूरदर्शनवर ‘रजनी’ ही ग्राहकाच्या हक्कासाठी उभ्या राहणाऱ्या गृहिणीची मालिका लागायला लागली तेव्हा या बायकांना जणू आपल्यातलीच एक जण पडद्यावर दिसली. आत्याच्या यजमानांनी दुबईहून व्हीसीआर आणला होता. रविवारी सकाळी मालिका लागायच्या आधी आई त्यांच्याकडे कोरी कॅसेट घेऊन जायची. कॅसेट महाग असायची, म्हणून लाँग प्ले लावून तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास बसवायची.

हे लाँग प्ले प्रकरण महत्त्वाचं आहे, दुकान निवडताना विचारा. लाँग प्लेमध्ये फीत निम्म्या वेगाने चालते, त्यामुळे चित्र मुळातच थोडं कच्चं येतं, आणि प्रत्येक व्हीसीआर ते नीट वाजवत नाही. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी फोन केला होता, त्यांना हा प्रश्नच कळला नाही. इथल्या मालकांनी मात्र मी विचारायच्या आधीच विचारलं, “ताई, घरी रेकॉर्ड केलेल्या आहेत ना? मग एलपी असणार.” त्यांच्याकडे दोन चालू व्हीसीआर आहेत आणि तिसरा सुट्या भागांसाठी ठेवलाय. नवीन मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर जगात कोणीच बनवत नाही. म्हणजे असे चालू व्हीसीआर आणि ते दुरुस्त करणारी माणसं आहेत तोवरच हे काम होणार.

‘रजनी, गॅस’ या कॅसेटला बुरशी लागली होती. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघितलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके, पावडर भुरभुरल्यासारखे. ठाण्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात राहिलेल्या कॅसेटचं हे होतंच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, बुरशी लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत जाते. मालकांनी ती माझ्यासमोर उघडली. उलटी करून खालचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण अलगद उचललं, दोन्ही चकत्या दिसल्या. फितीचं सुरुवातीचं टोक पारदर्शक असतं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. कॅसेट संपली हे यंत्राला त्या पारदर्शक तुकड्यातून जाणाऱ्या उजेडावरून कळतं. मग त्यांनी चकत्या एका लाकडी चौकटीवर बसवल्या, मऊ कापडाच्या दोन घड्यांमधून फीत हळूहळू फिरवत नेली. कापड काळपट झालं की घडी बदलायची. गुंडाळीच्या कडेची बुरशी ब्रशने, तोंडाला मास्क लावून. शेवटी सगळं एका नव्या, स्वच्छ खोक्यात भरलं आणि जुन्या खोक्यावरचं आईचं लेबल सोडवून नव्यावर चिकटवलं. लेबल मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. या दुकानाला मी जे गुण देणार त्यातले निम्मे या लेबलाचे.

तर त्या कॅसेटमधून ‘रजनी’ पुन्हा दिसली. बासू चटर्जींची मालिका. साधं मध्यमवर्गीय घर, नवऱ्याच्या भूमिकेत करण राजदान, आणि घरातून पर्स घेऊन बाहेर पडणारी प्रिया. सुती साडी, कपाळावर मोठं कुंकू, सरळ नजर. लहानपणी मला वाटायचं की रजनी भांडते. आता सलग पाहिल्यावर लक्षात आलं, ती भांडण टाळते. ती विचारते. नियम कुठे लिहिलाय, साहेब कुठे बसतात, हे लिहून द्याल का. समोरचा माणूस टोलवाटोलवी करत राहतो आणि ती तोच प्रश्न पुन्हा, त्याच आवाजात विचारते. प्रियाच्या अभिनयाची ताकद त्या ‘त्याच आवाजात’ आहे. दुसऱ्या एखाद्या नटीने तिसऱ्या वेळी आवाज चढवला असता आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. प्रिया चढवते, पण फार उशिरा, आणि तोवर आपल्यालाच राग आलेला असतो.

टॅक्सीवाल्यांच्या भागावर तेव्हा टॅक्सीचालक चिडले होते, निषेध झाला होता. गॅसचा भाग झाल्यावर आमच्या संघातल्या बायका पुढच्या सिलिंडरच्या वेळी वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ च्या डिसेंबरात आला. मालिकेमुळे आला असं मी म्हणत नाही, त्यामागे ग्राहक चळवळीतल्या माणसांची कित्येक वर्षांची मेहनत होती. पण कायदा आला तेव्हा तो कशासाठी आहे हे घराघरात आधीच माहीत झालं होतं. ते काम रजनीने केलं. बायका एकमेकींना ‘रजनी झालीस का ग?’ म्हणायच्या, कौतुकानेच. लोक प्रियाकडे खरी गाऱ्हाणी घेऊन जायचे. नटीला भूमिका चिकटते ती अशी.

आता दुकानाबद्दलची तक्रार. पहिल्या खेपेला जी फाइल मिळाली ती घरी टीव्हीवर लावली आणि मी चक्रावले. दुकानातल्या मुलाने चित्र ‘सुधारलं’ होतं. संगणकाच्या कुठल्याशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फिल्टरमधून काढून चेहरे गुळगुळीत केले होते. प्रियाच्या चेहऱ्यावरची एकही रेष राहिली नव्हती, डोळ्यांभोवतीचा थकवा गेला, साडीचा पोत गेला, सगळी मेणाची. शिवाय जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन असतं, रुंदी चार तर उंची तीन. आत्ताच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, त्या नकोत म्हणून वरून आणि खालून चित्र कापलं होतं. आणि मधल्या जाहिरातीही उडवल्या होत्या.

हे कापणं ‘रजनी’त त्रासाचं होतंच, पण ‘हम पाँच’मध्ये त्याने कहर केला. ज्यांनी ती मालिका पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झाली, एकता कपूरची. आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ, त्यांची दुसरी बायको शोमा आनंद, पाच मुली. आणि पहिली बायको मेलेली, म्हणजे भिंतीवरच्या फोटोत. तो फोटो म्हणजे प्रिया तेंडुलकर. ती फोटोतून बोलते, नवऱ्याला टोमणे मारते, समजावते, डोळे मोठे करते, आणि फक्त आनंदला ती ऐकू येते. दुकानाच्या फाइलमध्ये चित्र वरून कापल्यामुळे कितीतरी दृश्यांत फोटोच गायब. अशोक सराफ मान वर करून भिंतीशी बोलतायत आणि उत्तर नुसतंच ऐकू येतंय. ज्या बाईसाठी कॅसेट दिली तीच कापली गेलेली.

मी परत गेले आणि मालकांना ते दृश्य लावून दाखवलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, “ताई, लग्नवाल्यांना पट्ट्या नको असतात. तुमचं वेगळं आहे.” वाद घातला नाही, जादा पैसे मागितले नाहीत, सगळ्या कॅसेट पुन्हा उतरवून दिल्या. यावेळी मी एका कागदावर लिहून दिलं: चित्र चारास तीनच ठेवा, काहीही कापू नका, फिल्टर नको, आवाजातली खरखर काढू नका, जाहिराती राहू द्या, फाइलला लेबलचंच नाव द्या. पुढच्या आठवड्यात सगळं बरोबर मिळालं. तळाशी व्हीएचएसची ती फाटकी हलणारी पट्टी आहे, मधून मधून चित्र तिरकं होतं, एके ठिकाणी आत्याच्या घरातली लाइट गेली तिथे बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात. हे सगळं मला हवंच होतं. जाहिरातीही. त्या वेळच्या साबणाच्या आणि शिलाई मशीनच्या जाहिरातींमधल्या बायका बघा आणि मग रजनी बघा, ती किती वेगळी होती ते तेव्हाच कळतं.

‘हम पाँच’मधलं प्रियाचं काम मला तिच्या सगळ्या कामांत अवघड वाटतं. तिला हात नाहीत, चालणं नाही, साडीचा पदर खोचणं नाही, खोलीत येणं-जाणं नाही. चौकट, तिच्यात चेहरा. विनोदी मालिका, समोर अशोक सराफ, ज्यांचं टायमिंग महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. मराठी सिनेमात दोघांनी आधी एकत्र काम केलेलं होतं, त्याचा फायदा दिसतो. ते वाक्य टाकतात, प्रिया एक श्वास थांबते, भुवई उचलते आणि मग बोलते. तो श्वास बघण्यासाठी मी एक दृश्य मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. स्वच्छ फाइलमध्ये हे करता येतं, कॅसेटवर करायला गेलं तर फीत झिजते. डिजिटल करण्याचा हा फायदा मला आधी सुचला नव्हता.

आणि एक लक्षात घ्या. ज्या बाईला सगळा देश ‘ताठ कण्याची’ म्हणून ओळखत होता, तिने दहा वर्षांनी चेष्टेच्या मालिकेत भिंतीवर टांगलेली बायको होणं स्वीकारलं, आणि ते लहान काम मनापासून केलं. मोठ्या भूमिका सिनेमात तिला फारशा मिळाल्या नाहीत हे खरं आहे. सुरुवात तर फार वरच्या जागेवरून झाली होती: श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’, १९७४. शबाना आझमीचा पहिला सिनेमा म्हणून सगळे तो सांगतात. त्यात अनंत नागची लग्नाची बायको म्हणून घरात येणारी, आपल्या घरात आधीच कोणी आहे हे ओळखणारी मुलगी म्हणजे प्रिया. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती. पुढे शंकर नागचा कन्नड ‘मिंचिन ओटा’ केला, मराठी चित्रपट केले, आणि नव्वदच्या दशकात हिंदीत ‘त्रिमूर्ती’ आणि ‘गुप्त’मध्ये नायकाची आई. ‘त्रिमूर्ती’ आला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि पडद्यावर जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख या तिघांची आई. मला याचा राग येतो, आजही. हिंदी सिनेमाने तिच्यात आईच्या पलीकडे काही बघितलं नाही. दूरदर्शनने आणि नंतरच्या वाहिन्यांनी मात्र बघितलं, आणि म्हणून तिची खरी कारकीर्द टीव्हीवर झाली.

उरलेल्या तीन कॅसेट तिच्या टॉक शोच्या आहेत. आईने या कॅसेटवर फक्त ‘प्रिया’ एवढंच लिहिलंय. त्या सगळ्यांत खराब अवस्थेत होत्या, एकीत फीत चुरगळलेली. मालकांनी चुरगळलेला भाग कापून जोडायच्या आधी मला फोन करून विचारलं, दोन-तीन सेकंद जातील, चालेल का. हे विचारणं मला मोलाचं वाटतं. दुसऱ्या कोणी न विचारता कापलं असतं.

टॉक शो तेव्हा आपल्याकडे नवीन होता. घरातली मारहाण, हुंडा, घटस्फोटित बायकांचं जगणं, बायकांनी नोकरीत सोसायचं काय काय, हे सगळं स्टुडिओत बसलेल्या माणसांसमोर बोललं जायचं आणि प्रिया ते बोलतं करायची. आत्ताच्या वाहिन्यांवरच्या चर्चा बघून ही फाइल लावा. ती गप्प बसते. एखादी बाई बोलता बोलता अडखळते, कॅमेरा तिच्यावर, आणि मागून प्रश्न येत नाही. प्रिया थांबून राहते. मग ती बाई स्वतःच पुढचं वाक्य बोलते. रजनी प्रश्न विचारून थकत नव्हती, आणि ही बाई न विचारता माणसाला बोलू देते. दोघी एकच आहेत हे मला या फाइली तारखेच्या क्रमाने लावून बघितल्यावर कळलं. दोन्हीकडे समोरच्याला सुटायला जागा नाही: एकीकडे प्रश्नामुळे, दुसरीकडे तिच्या लक्ष देऊन ऐकण्यामुळे.

ऐकायची ही सवय कुठून आली असेल याचा मी विचार करते. वडील नाटककार विजय तेंडुलकर, त्यांचं घर म्हणजे नाटकातली माणसं, वाद, तालमी यांचंच घर. शाळेत असतानाच दिग्दर्शक सत्यदेव दुब्यांच्या हाताखाली ‘हयवदन’ या नाटकातल्या बाहुलीचं काम केलेलं. पण त्यानंतर तिने सरळ नटी होण्याचा रस्ता धरला नाही. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका होती, हवाई सुंदरी होती, मॉडेलिंग केलं, बातम्या वाचल्या. ज्या नोकऱ्यांत दिवसभर अनोळखी माणसांशी हसून बोलावं लागतं आणि त्यांचं वागणं मुकाट बघावं लागतं, अशा नोकऱ्या. ते बघितलेलं तिच्या कथांत उतरलंय. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा तिचा कथासंग्रह तुमच्या वाचनालयात असेल तर जरूर घ्या. वडिलांची छाया शोधत वाचू नका. ती स्वतःच्या पायावर उभी असलेली लेखिका आहे आणि मराठीने तिला तेवढी जागा दिलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. दूरदर्शनच्या आठवणींचे कार्यक्रम होतात तेव्हा ‘रजनी’चे दोन प्रसंग लावतात, टाळ्या होतात, पुढे जातात. कथा लिहिणारी प्रिया त्यात नसते, टॉक शोतली नसते, फोटोच्या चौकटीतली तर कधीच नसते.

तिची शेवटची वर्षं फार कठीण गेली. लग्न १९८८ मध्ये झालेलं, करण राजदानशी, १९९५ मध्ये दोघं वेगळी झाली. २००१ साली तिची आई गेली आणि भाऊही. स्तनाच्या कर्करोगाशी ती झगडत होतीच. १९ सप्टेंबर २००२ ला हृदयविकाराच्या झटक्याने गेली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिच्यामागे तिचे वडील जवळपास सहा वर्षं जगले. माझ्या आईने ‘हम पाँच’च्या लेबलावर ‘पुसू नये’ हे त्या दिवशी लिहिलं, वेगळ्या पेनाने, ते लेबलावर दिसतं.

आता कॅसेट नेण्याआधीच्या काही गोष्टी, ज्यांना हे दुकान किंवा असंच दुसरं एखादं वापरायचं आहे त्यांच्यासाठी.

घरी जुना व्हीसीआर असेल तर उत्साहाने त्यात कॅसेट घालून बघू नका. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्राचे रबरी पट्टे वितळलेले असतात, ते फीत खातं. आधी खिडकीतून बुरशी बघा. कॅसेट उभी ठेवा, पुस्तकासारखी, आडवी रचू नका. पाठीमागच्या कडेला एक लहान प्लास्टिकची जीभ असते, ती मोडलेली नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. फाइल एमपी४ मागा. डीव्हीडी मागू नका, डीव्हीडी प्लेयरही आता घरोघरी राहिलेले नाहीत आणि चकतीवर चरे पडतात. मूळ दर्जाची एक प्रत वेगळी द्या असं सांगितलं तर हे दुकान देतं, जागा जास्त लागते पण पैसे तेवढेच. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. माझी एक प्रत माझ्याकडे आहे, एक पुण्याला बहिणीकडे.

या फाइली मी इंटरनेटवर टाकणार नाही. मालिका ज्यांच्या आहेत त्यांचा हक्क आहे, आणि दुकानदारांनीही तेच बजावलं. घरच्यांसाठी, संघातल्या आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायकांसाठी मी त्या लावते. मागच्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये ‘रजनी’चे दोन भाग लावले होते. गॅसचा भाग संपल्यावर एका मावशींनी आपल्या हल्लीच्या वीजबिलाचा विषय काढला आणि तिथेच अर्ज लिहिला गेला. अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतोय.

दुकानात गर्दी शनिवारी असते, लग्नसराईत तर विचारूच नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, म्हणजे मालक स्वतः भेटतात. मुलाकडे कॅसेट देऊन निघू नका, मालकांशीच बोला, आणि काय नको ते कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्या. मूळ कॅसेट परत घ्यायला विसरू नका. ते आपणहून देतात, पण ‘टाकून देऊ का?’ असंही एकदा विचारतात. नाही म्हणा. आज जे यंत्र एलपीच्या फितीतून एवढं काढतं त्याहून चांगलं उद्या येईल, तेव्हा मूळ फीत लागेल.